धडक गेली, रेटा राहिला : नियम बदलले की रग्बीतला स्क्रम कसा बदलतो

जून २०२५ मध्ये अंधेरीच्या क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम रंगला आणि ठाणे-नवी मुंबईतल्या बऱ्याच घरांत हा खेळ पहिल्यांदाच टीव्हीवर दिसला. सप्टेंबरमध्ये महिला विश्वचषकाची अंतिम लढत झाली. लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर ८१ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर इंग्लंडने कॅनडाला ३३-१३ असं हरवलं, त्याच्या क्लिप्सही फोनवरून फिरल्या. तेव्हापासून ऐरोलीत आम्ही ज्या मुलामुलींना रग्बी शिकवतो, त्यांचे आईवडील एकच गोष्ट विचारतात. "ते सगळे डोकी खाली घालून एकमेकांना रेटत असतात, ते काय असतं? आणि सर, मान..." मानेपाशी वाक्य थांबतं.

प्रश्न अगदी रास्त आहे. ते जे रेटणं आहे त्याला स्क्रम म्हणतात. गेल्या वीसेक वर्षांत रग्बीच्या नियमांनी स्क्रममधली धडक टप्प्याटप्प्याने काढून टाकली आणि रेटा तेवढा ठेवला. त्यामुळे खेळाडूने पाय कुठे ठेवायचे, कंबर किती वाकवायची, हाताने काय धरायचं, सगळंच बदललं. पण फोनवर जुने व्हिडिओ जसेच्या तसे आहेत. मुलं ते बघून येतात आणि मैदानात तसंच करायला जातात. आज ज्यावर शिट्टी वाजते ते तंत्र मुलं हौसेने शिकून येतात, हे मला फार धोक्याचं वाटतं.

स्क्रम होतो कधी?

रग्बीत चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तो बाजूला किंवा मागे. कुणाच्या हातून चेंडू निसटून पुढे पडला किंवा पास पुढे गेला, तर ती किरकोळ चूक धरतात आणि खेळ स्क्रमने पुन्हा सुरू होतो. पंधरा जणांच्या रग्बीत दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू एकमेकांना धरून वाकतात आणि समोरासमोर भिडतात. मधे जी चिंचोळी फट राहते, तिला टनेल म्हणतात. ज्या संघाची चूक नाही, त्याचा स्क्रम-हाफ, म्हणजे स्क्रमच्या बाहेर उभा राहणारा खेळाडू, त्या फटीत चेंडू टाकतो. दोन्ही संघ रेटतात आणि चेंडू पायाने मागे ओढून घ्यायला बघतात.

पुढच्या फळीत तिघं असतात. मधला हूकर, म्हणजे चेंडू पायाने मागे ओढणारा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रॉप. त्यांच्या मागे दोन लॉक, कडेला दोन फ्लँकर आणि सगळ्यात मागे नंबर एट. दोन्ही प्रॉप दिसायला सारखे, पण त्यांचं काम सारखं नसतं. डावीकडच्या प्रॉपचा एक खांदा मोकळा राहतो, म्हणून त्याला लूजहेड म्हणतात. उजवीकडच्या टाइटहेडचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे अडकलेलं असतं आणि भार दोन्ही खांद्यांवर येतो. संघ निवडताना टाइटहेडची एवढी काळजी का घेतात, ते यावरून लक्षात येईल.

हा भार जातो कुठून कुठे?

ठाण्यात वाढलेल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. दहीहंडीचा सगळ्यात खालचा थर आठवा. तिथले गडी दणकट असतातच, पण नुसत्या ताकदीवर थर उभा राहत नाही. हातांची पकड सैल पडली किंवा एकाचा पाय सरकला, की भार भलतीकडे जातो आणि वरचं सगळं डळमळतं. पकड घट्ट, पाठ ताठ आणि तळवे जमिनीत रोवलेले असतील तर तोच भार खांद्यातून पाठीत, पाठीतून कमरेत आणि तिथून पायांवाटे जमिनीत उतरतो. स्क्रममध्येही तेच होतं, फक्त भार आडवा येतो आणि समोरून दुसरं पथक तितक्याच जोराने रेटत असतं. मागच्या लॉकने लावलेला जोर प्रॉपच्या कमरेतून खांद्यापर्यंत पोचायला हवा. मधे कुठे पाठ गोल झाली, तर तो जोर तिथेच मुरतो. मग पाठ दुखावते किंवा स्क्रम कोसळतो.

म्हणून नियमच आहे की पुढच्या फळीतल्या कुणाचे खांदे कमरेच्या खाली जाता कामा नयेत. हनुवटी छातीला टेकवायची नाही, नजर भुवयांखालून समोर ठेवायची. मान सरळ असेल तर आजूबाजूचे स्नायू ती धरून ठेवतात. मान पुढे वाकलेली असताना डोकं अडकलं आणि मागून धड पुढे येतच राहिलं, तर इजा होते. स्क्रममधल्या मानेच्या गंभीर दुखापती मुख्यतः दोन वेळी होत आल्या आहेत, भिडताना आणि कोसळताना. नियमांचे बहुतेक बदल या दोन क्षणांभोवतीच झाले आहेत.

धडकेचे दिवस

पूर्वी दोन्ही फळ्या अंतर ठेवून वाकायच्या आणि पंचाने हाक दिली की एकमेकांवर झेप घ्यायच्या. त्या पहिल्या आघातात जो जिंकला, त्याने बहुधा स्क्रम जिंकला. साहजिकच प्रॉपचा सराव सगळा झेपेचा. पाय मागे, वजन चवड्यांवर, शरीर ताणलेल्या धनुष्यासारखं आणि कान पंचाच्या शब्दावर. शब्द संपायच्या आत निघता आलं तर फायदाच, म्हणून घाईही व्हायची. मग रीसेट, म्हणजे स्क्रम मोडून नव्याने लावायचा, पुन्हा रीसेट.

२००७ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने चार हाकांची पद्धत आणली: क्राउच, टच, पॉज, एंगेज. वाका, समोरच्याच्या खांद्याला हात लावून अंतर मोजा, थांबा, मग भिडा. झेप थोडी आखूड झाली, पण राहिली. २०१२ मध्ये 'पॉज' काढून तीन हाका केल्या. तरी धडक होतीच.

ती किती मोठी होती? इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी स्क्रमच्या यंत्रावर हे मोजलं. आंतरराष्ट्रीय दर्जाच्या पुरुष संघाने भिडताना सर्वाधिक दाब साडेसोळा हजार न्यूटन भरला, म्हणजे दीड टनाहून जास्त वजनाएवढा. भिडून झाल्यावर टिकून राहणारा रेटा त्याच्या साधारण निम्मा होता. सगळ्यात मोठा झटका पहिल्या क्षणीच बसत होता, आणि चेंडू तर तेव्हा टनेलमध्ये आलेलाही नसतो!

२०१३ : आधी पकड, मग भिडणं

२०१३-१४ च्या हंगामापासून हाका बदलल्या: क्राउच, बाइंड, सेट. 'क्राउच' म्हटलं की दोन्ही फळ्या वाकतात, त्याही इतक्या जवळ की एकमेकांचे कान जवळपास एका रेषेत येतात. 'बाइंड' म्हटलं की प्रॉपने समोरच्या प्रॉपची जर्सी पाठीवर किंवा बरगडीच्या बाजूला धरायची. बाही, दंड, कॉलर, छाती धरायला मनाई. ही पकड 'सेट'नंतरही सोडायची नाही. 'सेट' झाल्यावरच भिडायचं. हात आधीच समोरच्याच्या अंगावर असल्याने झेप घ्यायला जागाच उरत नाही. भिडतानाचा दाब यामुळे २० ते २५ टक्क्यांनी कमी झाला.

माझ्या मते आधुनिक रग्बीतला हा सगळ्यात महत्त्वाचा बदल आहे. एका शब्दाच्या जागी दुसरा आला आणि प्रॉप नावाच्या खेळाडूचा सगळा सराव पालटला. पाय आता फार मागे ठेवून चालत नाही. ते अंगाखाली, गुडघे वाकवून, आधीच भार घेतलेले हवेत. झटक्याची ताकद कामाची आहेच, पण त्याहून मोल आलं ते सात-आठ सेकंद न हलता भार तोलून धरण्याला आणि मग चार-चार इंचांची आखूड पावलं टाकत पुढे सरकण्याला. पाऊल लांब टाकलं की क्षणभर एकाच पायावर भार येतो, आणि समोरचा नेमकी तीच वेळ साधतो.

पकड ही तर स्वतंत्र विद्या झाली. लूजहेडचा डावा हात समोरच्या टाइटहेडच्या उजव्या हाताच्या आतून जातो, टाइटहेडचा उजवा हात लूजहेडच्या डाव्या दंडाच्या बाहेरून. कोपर वर राहिलं तर खांदा सरळ राहतो. कोपर खाली गेलं की खांदा त्याच्या मागोमाग उतरतो आणि स्क्रम जमिनीकडे जायला लागतो. पंच प्रॉपच्या कोपराकडे एवढं टक लावून का बघतात, ते आता ओळखता येईल. तुम्हीही पुढच्या सामन्यात कोपर बघा. कोसळलेल्या स्क्रममध्ये चूक कुणाची, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

हूकरला त्याचं काम परत मिळालं

धडक गेल्यावर आणखी एक गोष्ट झाली. झेपेच्या काळात चेंडू टाकला जाईपर्यंत एक बाजू मागे हटायला लागलेली असायची. स्क्रम-हाफ चेंडू सरळ न टाकता तिरका आपल्याच माणसांच्या पायांत सारायचा आणि पंचही फारसे हटकत नसत. हूकर हे नुसतं नाव उरलं होतं. आता दोन्ही बाजू तोलून उभ्या राहू लागल्या आणि चेंडू पायाने ओढून घ्यायची गरज पुन्हा निर्माण झाली.

पण त्यात एक अडचण आहे. चेंडू ओढायला हूकरने उजवा पाय उचलला की त्याच्या बाजूचा एक पाय रेट्यातून कमी होतो. समोरचे आठही जण तेव्हा पूर्ण जोर लावू शकतात. म्हणजे ज्याला चेंडू टाकायचा हक्क मिळाला, त्याचंच नुकसान! २०१७ मध्ये नियमांत यावर तोडगा निघाला. चेंडू सरळच टाकायचा, पण स्क्रम-हाफने आपला खांदा टनेलच्या मध्यरेषेवर ठेवून, म्हणजे खांद्याच्या रुंदीएवढं आपल्या बाजूला सरकून उभं राहिलं तर चालेल. शिवाय चेंडू टाकणाऱ्या संघाच्या पुढच्या फळीतल्या एकाने तरी तो पायाने ओढण्याचा प्रयत्न करायलाच हवा. नुसतं रेटत बसता येत नाही.

ब्रेक लावणारा पाय

नियम बदलले की प्रशिक्षक त्यातली फट शोधतात. हे जगभर चालतं आणि त्यात वाईट काही नाही, मात्र ती फट मानेवर येत असेल तर बुजवावीच लागते. 'बाइंड' आणि 'सेट' यांच्या मधल्या दोन-तीन सेकंदांत काही संघ आपला भार आधीच पुढे झुकवून समोरच्यांच्या अंगावर टेकू लागले. मागून लॉकचा जोर, पुढे प्रॉपचं डोकं समोरच्याच्या खांद्यावर दाबलेलं, आणि मधे मान. धडक नव्हती, पण मानेवर सरळ रेषेत दाब येत होता.

त्यावर दोन उपाय झाले. 'सेट'च्या आधी डोकं समोरच्याच्या खांद्यावर किंवा मानेवर टेकवायला बंदी आली. आणि २०२२ पासून हूकरने एक पाय पुढे रोवून आपल्या फळीचा भार धरून ठेवणं बंधनकारक झालं. त्याला ब्रेक फूट म्हणतात. 'सेट' झाल्यावर पाय मागे घ्यायचा. पुढे पाय रोवून मागच्या पाच जणांचा भार थोपवायचा आणि लगेच तो काढून रेट्याला लागायचं, हे हूकरच्या मांडीला चांगलंच जड जातं. आमच्याकडची नवीन मुलं पाय काढताना कंबर वर उचलतात. तेवढी सवय मोडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

फ्री-किकऐवजी स्क्रम आता मागता येत नाही

१५ ऑक्टोबर २०२३, पॅरिस. पुरुषांच्या विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, फ्रान्स विरुद्ध दक्षिण आफ्रिका. फ्रान्सने मारलेला उंच चेंडू डेमियन विलेम्सने आपल्या गोलरेषेजवळच्या भागात झेलला आणि 'मार्क' मागितला, म्हणजे झेल घेतल्या जागी खेळ थांबवायला लावला. त्यावर फ्री-किक मिळते, आणि सगळे अशा वेळी चेंडू लाथेने लांब धाडून देतात. विलेम्सने खूण केली स्क्रमची! आपल्या आठ जणांवर एवढा भरवसा की स्वतःच्याच दारात रेटारेटी मागून घेतली. दक्षिण आफ्रिका तो सामना २९-२८ असा जिंकली.

१ जुलै २०२४ पासून हा पर्याय बंद झाला. फ्री-किक मिळाली तर चेंडू मारा किंवा पायाने टॅप करून पळा, स्क्रम मागता येणार नाही. समोरच्याच्या मोठ्या चुकीबद्दल पेनल्टी मिळाली असेल तर मात्र स्क्रम अजूनही मागता येतो.

याचं कारण समजून घ्यायला स्क्रममधल्या पेनल्टीची किंमत कळायला हवी. वरच्या पातळीवर स्क्रम आता नुसता खेळ पुन्हा सुरू करण्यासाठी राहिलेला नाही. समोरच्याला रेटून, वाकवून चूक करायला भाग पाडायचं आणि पेनल्टी मिळवायची, हा डावपेचच झाला आहे. त्याच विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड शेवटच्या मिनिटांपर्यंत पुढे होतं. दक्षिण आफ्रिकेने स्क्रममधून पेनल्टी मिळवली, हँड्रे पोलार्डने जवळपास ५० मीटरवरून तीन गुण मारले आणि सामना १६-१५ असा फिरला. ज्यांचा स्क्रम भारी, त्यांना छोट्या चुकीच्या फ्री-किकवर पुन्हा स्क्रम आणि त्यातून पुन्हा पेनल्टीची संधी, हे चक्र चालू ठेवता येत होतं. २०२४ च्या नियमाने ते तोडलं. अलीकडे स्क्रम लावायला ३० सेकंदांची मर्यादाही आली आहे.

एवढा त्रास आहे तर स्क्रम काढूनच का टाकत नाहीत?

रग्बीचाच भाऊबंद असलेल्या, तेरा जणांच्या 'रग्बी लीग' नावाच्या वेगळ्या खेळाने जवळपास तेच केलं. तिथे स्क्रम होतो, पण रेटारेटी नावालाच उरली आहे. पंधरा जणांच्या रग्बीत मी त्याच्या विरोधात आहे, आणि कारण साधं आहे. स्क्रममध्ये सोळा जण आणि दोन्ही स्क्रम-हाफ एकाच ठिकाणी गुंतलेले असतात. शिवाय बाकीच्यांना स्क्रममधल्या आपल्या शेवटच्या खेळाडूच्या पायापासून पाच मीटर मागे उभं राहावं लागतं. सत्तर मीटर रुंद मैदानावर दोन्ही बाजूंचे सहा-सहा खेळाडू आणि मधे मोकळी जागा, हे दुसऱ्या कुठल्याही क्षणी मिळत नाही. आठांचा रेटा खरा असतो म्हणून ते आठ जण तिथे अडकून पडतात. रेटा खोटा झाला की ते डोकं वर काढून पळायला मोकळे होतात आणि ती जागा भरून जाते.

दुसरं, या खेळात जाड, बुटक्या, धावण्यात मागे पडणाऱ्या मुलालाही हक्काची जागा आहे. शाळेच्या मैदानावर ज्याला कुणी संघात घेत नाही, तो इथे टाइटहेड होतो आणि सगळा संघ त्याच्या खांद्यांवर विसंबतो. ही जागा काढून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

मग मान सुरक्षित आहे का?

धोका शून्य नाही आणि कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण धोका किती घटवता येतो, याचं चांगलं उदाहरण न्यूझीलंडचं आहे. तिथे २००१ मध्ये रग्बीस्मार्ट नावाचा उपक्रम सुरू झाला आणि प्रशिक्षक व पंचांना दरवर्षी सुरक्षित तंत्राचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. आधीच्या वर्षांच्या आकड्यांवरून २००१ ते २००५ या काळात स्क्रममुळे कायमचं अपंगत्व आणणाऱ्या मणक्याच्या नऊ दुखापती होतील असा अंदाज निघत होता. प्रत्यक्षात एक झाली. वर्षं बघा. चार हाकांची पद्धतसुद्धा तेव्हा यायची होती. शिकवणाऱ्यांना आधी शिकवलं, याचं मोठं श्रेय त्यात आहे.

एकोणीस वर्षांखालच्या मुलांसाठी नियमही वेगळे आहेत. स्क्रम दीड मीटरपेक्षा जास्त रेटता येत नाही. मोठ्यांमध्ये स्क्रम ९० अंशांपर्यंत फिरेतो चालतं, मुलांमध्ये ४५ अंशांवर थांबवून पुन्हा लावतात. दोन्ही बाजूंचे खेळाडू समसमान हवेत. आणि कुठल्याही वयोगटात पुढच्या फळीचं शिक्षण घेतलेला खेळाडू उपलब्ध नसेल तर रेटा न लावता स्क्रम खेळवायचा, हा नियमच आहे. संघात जागा रिकामी झाली म्हणून धिप्पाड दिसणाऱ्या भलत्याच मुलाला प्रॉप म्हणून उभं करणं हा गुन्हा समजावा.

आपल्याकडे मुलं बहुतेक सात जणांची रग्बी खेळतात, प्रीमियर लीगही तीच होती. तिथे स्क्रम तीन विरुद्ध तीन असतो. मागे लॉक नाहीत, त्यामुळे भार कितीतरी कमी, पण हाका त्याच आणि पकडही तीच. सुरुवात तिथूनच करावी.

राहिला प्रश्न जागेचा. ठाण्यात आणि नवी मुंबईत तासावर भाड्याने मिळणारे फुटबॉलचे टर्फ जागोजागी झाले आहेत आणि पावसाळ्यात चिखल नको म्हणून पालक तेच सुचवतात. पासिंग, धावणं तिथे खुशाल करा. स्क्रम नको. बऱ्याच ठिकाणी गवताचा थर पातळ आणि खाली टणक तळ असतो, रेटताना पाय सरकतो. रग्बीच्या कृत्रिम मैदानांसाठी जागतिक संघटनेची मानकं वेगळी आहेत, ती याचसाठी. मुंबईच्या परिसरात रग्बी पूर्वापार पावसाळ्यातच खेळली जाते. ओल्या मातीत बुटांच्या तळाचे लांब स्टड नीट रुततात आणि पडलं तरी मार कमी लागतो. पाणी साचून निसरडं झालेलं असेल त्या दिवशी मात्र स्क्रमचा सराव रद्द.

मुलाला पाठवण्याआधी प्रशिक्षकाला क्रम विचारा. आधी मानेचे आणि पाठीचे व्यायाम, मग दोघांनी गुडघ्यावर बसून नुसती पकड, मग उभं राहून एकास एक, मग तीनास तीन, तेही हाकांवर आणि रेट्याशिवाय. स्क्रम कोसळायला लागला तर काय करायचं, हेही याच टप्प्यात शिकवलेलं असायला हवं: हनुवटी वर, पकड कायम, रेटा ताबडतोब बंद. हे अंगवळणी पडल्यावर रेटा, आणि आठांचा स्क्रम सगळ्यात शेवटी. पहिल्याच आठवड्यात कुणी मुलांना पळत येऊन एकमेकांवर आदळायला लावत असेल, तर मुलाला त्या सरावातून त्याच दिवशी काढून घ्या.